केंद्रातून सुटल्यावर थेट घरी, की आधी 'सोबर' घरात?

इंदिरानगरची_ताई
धाकटा भाऊ पुढच्या आठवड्यात व्यसनमुक्ती केंद्रातून सुटतोय. दारू. अंबडमधली नोकरी अजून शाबूत आहे. समुपदेशक म्हणाले, लगेच घरी नेऊ नका, काही महिने 'सोबर' घरात, म्हणजे दारू सोडलेल्यांच्या सोबत राहू द्या. मलाही ते पटतंय. घरात वडील रोज रात्री 'औषधापुरती' घेतात, बाटली टीव्हीखालच्या कपाटात. आई म्हणते, घर असताना पोरगा बाहेर का? लोक काय म्हणतील? नाशकात एक जागा पाहिली. ओळीने खाटा, फोन जमा, खिडक्यांना जाळी. नियम विचारले तर मालक म्हणे, "आमच्यावर सोडा." तुम्ही काय कराल?

गोदाकाठ
आईचं बरोबर आहे. बाटली वडिलांची, मग घर सोडायचं पोराने? हा कुठला न्याय? आधी ते कपाट रिकामं करा. शिवाय सगळे दारू सोडलेलेच एका छताखाली, म्हणजे एकाने आणली की बाकीचे गेलेच. उद्या परमिट रूमच्या पाट्यांखालूनच कामावर जायचंय त्याला. ती सवय घरात राहूनच होईल.

सातपूरकर
बाटली हलवली तरी घर तेच राहतं. मी सुटून घरी आलो तेव्हा आई दार उघडायची ती आधी वास घ्यायला. दहा मिनिटं उशीर झाला की फोनवर फोन. प्यायलो नसलो तरी प्यायल्यासारखं तोंड लपवायचो.

मग एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा आपसातला गट) मीटिंगमधल्या तिघांबरोबर फ्लॅट घेतला. फ्रिजवर भाड्याचा नि किराण्याचा हिशोब, भांडी पाळीने, संध्याकाळी मीटिंग. एक जण एकदा पिऊन आला. आरडाओरड नाही, मारहाण तर नाहीच. रात्रभर दोघं त्याच्याजवळ बसलो, सकाळी त्याची बॅग भरली नि त्याला केंद्रात पोचवलं. ठरलंच होतं तसं, त्यानेही सही केली होती.

अमेरिकेत ऑक्सफर्ड हाउस 1975 पासून अशीच चालतात: भाडं वाटून, निर्णय मतदानाने, प्यायला तो बाहेर. इलिनॉयमध्ये उपचार संपलेल्या 150 जणांचा अभ्यास झाला. दोन वर्षांनी अशा घरात पाठवलेल्यांपैकी सुमारे 31 टक्के व्यसनाकडे वळलेले होते, नेहमीच्या फॉलोअपवाल्यांपैकी सुमारे 65 टक्के.

गोदाकाठ
तिकडे भाडं वाटून घेणारे भाडेकरू, इकडे ताईंनी पाहिलेली जाळीची खिडकी. दोन्हींना एकच नाव देऊन आकडे खपवू नका.

सातपूरकर
हे मात्र खरं. ती जागा मीही घेणार नाही.

पंचवटीचे_काका
एवढा खटाटोप कशाला? दारू सोडायची गोळी मिळते, आमटीत टाकायची. कळतही नाही.

कायदा_वाचणारा
काका, हे कृपा करून कुणालाही सांगू नका. ती गोळी म्हणजे डायसल्फिराम. ती पोटात असताना माणूस प्यायला तर उलट्या, धडधड, रक्तदाब खाली. जिवावर बेतू शकतं. ती गोळी डॉक्टरांनी द्यायची आणि घेणाऱ्याला माहीत असायलाच हवी.

ताई, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जच्या गैरवापरातून येणाऱ्या मानसिक अवस्था आजारात धरल्या आहेत. ठेवून घेऊन उपचार करतो म्हणणाऱ्या जागेला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. तेव्हा मालकाला नोंदणीपत्र मागा. मुलाला स्वतः बाहेर पडता येतं का? फोन का काढून घेता? रात्री कुणी प्यायला तर डॉक्टर कोण? उत्तर टाळलं की उठायचं. त्याच कायद्यात हाफवे होमची, म्हणजे केंद्र नि घर यांच्या मधल्या मुक्कामाची, सोय सरकारने करावी असंही लिहिलंय, पण आपण शोधतोय मालकाच्या जाळीत!

इंदिरानगरची_ताई
वडिलांशी बोलले. म्हणाले, "माझी नि त्याची बरोबरी करू नका." म्हणजे कपाट रिकामं होत नाही. सातपूरकर, तुमच्यासारखा फ्लॅट मिळेल का? त्याची सेकंड शिफ्ट असते.

सातपूरकर
आधी शिफ्ट बदलून मागा. सेकंडला मीटिंग बुडते आणि सुटल्यावर रात्री एकट्याने परत यायचं, ती वेळ वाईट. भावाला एएच्या मीटिंगला घेऊन या, खोलीचं तिथेच कळतं. पण विचारू दे त्यालाच. आईंना अल-अनॉनला न्या, ती बैठक घरच्यांसाठीच असते.

गोदाकाठ
ठीक आहे. पण रविवारी तरी जेवायला घरी येऊ द्या पोराला.

इंदिरानगरची_ताई
रविवारी वडील दुपारपासूनच बसतात. शनिवारी आणीन.