नशिबाने मिळालं आणि धास्तीच बसली, असं कुणाचं झालंय?

लेकीच्या अभ्यासाला लागलेलं अमेरिकन नाटककार आर्थर मिलरचं 'द मॅन हू हॅड ऑल द लक' हे नाटक काल हाती घेतलं आणि कुकर तसाच राहिला. डेव्हिड हा खेड्यातला मेकॅनिक. मार्मन गाडीचा बिघाड त्याला सापडत नाही. रात्री गस नावाचा ऑस्ट्रियन येतो, डेव्हिडला झोप लागते, गस गाडी दुरुस्त करतो. सकाळी कौतुक डेव्हिडचं! लग्नाला आडवा येणारा सासराही गाडीखाली जातो. मग हा आयुष्यभर वाट बघत बसतो, की याची वसुली कधी होणार.

मला माझी नोकरी आठवली. प्रतीक्षायादीतून लागलेली. पेढे वाटताना एक बाई म्हणाली, "वरची आली नाही म्हणून तू, नाही का?" पेढा मात्र दोनदा उचलला तिने. पुढे प्रमोशनचं पत्र आलं तेव्हाही मी आधी नाव नीट तपासलं.

लिहा तुमचेही.

रातराणी: आधी मीठमोहऱ्या ओवाळून टाक गं 😄

खमंग_काकू: म्हाडाच्या सोडतीत आमचं लागलं, नणंदेचं नाही. फॉर्म दोघींनी एकत्रच भरलेले. अजून वास्तुशांतीचा विषय निघाला की ती भाजी ढवळायला आत जाते. गॅस बंद असला तरी.

तिरपागडा: अमोसबद्दल कुणीच बोलत नाही! डेव्हिडचा भाऊ. बापाने लहानपणापासून तळघरात बेसबॉल फेकायला शिकवलं, फेक एक नंबर. पण बेसवर पळायला टपलेला माणूस उभा असला की गांगरतो, कारण तळघरात कुणी उभंच नव्हतं. आमच्या चुलतभावाचं सेम. काकांनी गच्चीत जाळी लावलेली. खऱ्या मॅचला पोरगा प्रेक्षकांकडेच बघत राहिला. आता छान इन्शुरन्स विकतो, जाऊ दे.

रातराणी: @खमंग_काकू कुठे लागलं? विरार-बोळींज?

जुना_पडदा: गंमत म्हणजे १९४४ला ब्रॉडवेवर हे चार प्रयोगांत गुंडाळलं. मिलरने ठरवलं, अजून एकच नाटक लिहायचं, नाही चाललं तर हा धंदा बंद. ते 'ऑल माय सन्स', १९४७. चाललं. २००८ला लंडनच्या डॉनमार थिएटरमध्ये मी हे बघितलंय, अडीचशेच्या आसपास खुर्च्या, सगळं अंगावर येतं.

सदू_सातपुते: मला कधी काही फुकट मिळालंच नाही, त्यामुळे पास.

अबोली२: मोबाइलवरून लिहितेय, चुका समजून घ्या. शेवटी मिंकचं (फरसाठी पाळतात तो मुंगसासारखा प्राणी) खाणं बिघडतं पण डेव्हिडचे मिंक वाचतात ना, तिथे मी डेव्हिडच्या बाजूने आहे. खराब मासे त्याने स्वतः निवडून फेकलेले, त्यात नशीब कुठलं? सासूबाई माझ्या प्रत्येक चांगल्या गोष्टीला "पायगुण" म्हणतात. सीएची परीक्षा पायांनी दिली का मी? आले, दूध उतू जातंय

खमंग_काकू: @रातराणी हो तेच. पाण्याचं विचारू नकोस. माझ्या विचारपुशीत लिही.

तिरपागडा: पायांनी 😂😂