काजळी आवरल्याने तापमानवाढ खरोखर आटोक्यात येईल का?

हिमरेषा: कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन आज थांबवले, तरी साठलेला वायू शतकानुशतके हवेत राहणार आहे, काजळी मात्र आठवड्या-दोन आठवड्यांत पावसाबरोबर खाली येते. तोवर ती ऊन शोषून भोवतालची हवा तापवते आणि बर्फावर बसली की त्याचे वितळणे वाढवते. २०१३ साली वातावरण-संशोधक टॅमी बाँड आणि सहकाऱ्यांच्या आढाव्यात तिचा तापक परिणाम दर चौरस मीटरला १.१ वॅट, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या खालोखाल धरला होता. म्हणून डिझेल, वीटभट्ट्या आणि चुली यांच्या धुराला आधी हात घालावा, असे माझे मत आहे. त्याचे फळ आपल्या हयातीत दिसेल.

तापमापक: त्याच आढाव्यातली ०.१७ ते २.१ ही अनिश्चितता आपण सांगितली नाहीत. २०२१ च्या आयपीसीसी (संयुक्त राष्ट्रांचे हवामानबदलविषयक मंडळ) अहवालात हा अंदाज ०.११ च्या आसपास उतरला असून त्याची खालची मर्यादा शून्याच्याही खाली जाते, कारण काजळीने वरची हवा तापली की ढगांची मांडणी बदलते आणि मूळ उष्णतेचा काही भाग त्यातच फिटतो. शिवाय काजळी एकटी कधी बाहेर पडत नाही. उसाचे पाचट पेटवले की तिच्याबरोबर ऊन परतवणारे सेंद्रिय कणही उठतात. असे सर्व सोबती जमेस धरल्यावर बाँड यांच्याच आढाव्यात काजळीबहुल स्रोतांचा निव्वळ अंदाज किंचित ऋण, उणे ०.०६, निघाला होता. धूर जरूर थांबवा, पण तो फुफ्फुसांसाठी.

वैलावरची: जागतिक सरासरीचे हे माप आपल्या भागाला पुरत नाही. १९९९ साली हिंदी महासागरावर झालेल्या इंडोएक्स मोहिमेत, ज्यात हवामानशास्त्रज्ञ वीरभद्रन रामनाथन अग्रणी होते, हिवाळ्यात दक्षिण आशियावरून समुद्रावर पसरणारे धुरकट आवरण मोजले गेले. त्यामुळे पाण्यापर्यंत पोचणारे ऊन घटत होते आणि वरची हवा तापत होती. ज्या मोसमी पावसाचे सारे गणित जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातील फरकावर चालते, त्याच्यासाठी हा बदल गौण कसा? मात्र ‘चुली आधी’ हे मला खटकते. चुलीपाशी बसणारी बाई धूर गिळतेही आणि दोषही तिच्याच माथी!

तापमापक: प्रादेशिक परिणाम मला मान्य आहे, हिमालयातील बर्फाबाबत तर निःसंशय. माझा विरोध आहे तो काजळी आणि कार्बन डायऑक्साइड एकाच तराजूत घालण्याला, कारण तसे केले की कोळशाचे वीजकेंद्र चालू ठेवून चुली बदलल्याचे श्रेय घेता येते.

हिमरेषा: तो सौदा मलाही नको. चुलींविषयीचा आक्षेपही मान्य. तेथे इंधन बदलायचे ते आरोग्यासाठी. डिझेलवर मात्र मी ठाम आहे, कारण त्याच्या धुरात थंडावा देणाऱ्या कणांच्या मानाने काजळीचा वाटा मोठा असतो. २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-सहा हे धुराचे कडक मानक लागू झाले, तरी जुने ट्रक आणि जनरेटर धूर ओकतच आहेत.