पाच मनात, तीन बोटांवर : लहान मुलांना बेरीज शिकवतानाचे अनुभव

लेक पहिलीत आहे. जूनपासून रोज संध्याकाळी आम्ही दोघी चिंचोके घेऊन बसतो. इकडे पाच, तिकडे तीन. "सगळे मिळून किती?" विचारलं की हिचं पहिल्यापासून सुरू, एक, दोन, तीन... "अगं, हे पाच आत्ताच मोजलेस ना?" "हो, पण आता सगळे मोजायचेत ना!" तिचं बरोबरच होतं. पण पाचाला पाच म्हणून तिथेच ठेवून पुढे जायचं, हे तिला सांगू कसं ते मला कळेना. महिनाभर समजावलं, दोनदा रागावलेही, आणि त्या रागावण्याचं अजून वाईट वाटतं. परवा तिने आपणहून पाचाच्या ढिगावर तळहात ठेवला. जरा थांबली. "पाच." मग दुसऱ्या हाताने एकेक चिंचोका सरकवत, "सहा, सात, आठ." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुमच्याकडे हे कसं घडलं? घरी, वर्गात, अंगणवाडीत, जमलेलं लिहा आणि फसलेलंही लिहा.

निवृत्त शिक्षिका, सातारा जिल्हा
बाळ, तुझ्या लेकीने जे केलं ते मी एकतीस वर्षं मुलांकडून करवून घेत आले. आमच्याकडे त्यासाठी वाटी असायची. पाच चिंचोके मोजून घ्यायचे, त्यांच्यावर वाटी पालथी घालायची आणि वाटीवर खडूने ५ लिहायचा. बाहेर तीन. आता आतले दिसत नाहीत, म्हणून पाच मनात धरावेच लागतात. मुलं वाटी उचलून बघतात. बघू द्यावं. आतले पाचच आहेत याची खात्री पटेपर्यंत ती उचलणारच.

दुसरं एक सांगते, कारण इथे फार मुलं अडकतात. ५ + ३ चं उत्तर ७ आलं तर "चूक" म्हणून पुढे जाऊ नका, मोजायला लावून बोटांकडे बघा. ते मूल पहिलं बोट उघडताना "पाच" म्हणत असतं, मग सहा, सात, आणि तीन बोटं संपली. मोजणं येतंय, फक्त सुरुवात एक घर मागे झाली. मी "पाच" म्हणताना डोक्यावर हात ठेवायला लावायचे. पाच डोक्यात. पहिलं बोट उघडलं की सहा. दोन-चार दिवसांत ही चूक जाते.

आमच्या जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या, म्हणजे त्या भागातल्या शाळांच्या गटातल्या, शाळा बघायला राज्यभरातले शिक्षक यायचे. जमिनीवर आखलेल्या आकड्यांवर मुलं उड्या मारत पुढे मोजायची. पण वाटी आणि चिंचोके कुठल्याही घरात आहेत.

एक बाबा, पुणे
आमच्या मुलाच्या शिकवणीत बोटांवर मोजायला बंदी होती. बोटं हलली की पट्टी. घरी आम्हाला आठवडाभर काही कळलं नाही. एकदा जेवताना मी सहज विचारलं, सहा आणि चार? त्याने दोन्ही हात मांडीखाली घातले. मी खाली वाकून बघितलं तर पायाची बोटं हलत होती. शिकवणी त्याच दिवशी बंद केली. पुढे त्याच्या पणजीने त्याला पेरांवर मोजायला शिकवलं. एका बोटाला तीन पेरं, अंगठा फिरवत चार बोटांत बारा. ती जप असाच मोजते. आता दहाच्या पुढे गेला तरी तो अडत नाही. बोटं कधी सुटायची ती सुटतील, मला घाई नाही.

दुसरीची शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा
माझ्या वर्गात खरी अडचण दोन अंकी संख्येपासून सुरू होते, कारण आपण बोलतो उलटं. पंचवीस म्हणताना आधी पाच, मग वीस. ऐकल्या क्रमाने लिहिलं की ५२ होतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तेव्हा मुलांच्या बाजूने शांतपणे उत्तरं दिली, याचा मला आदर आहे. मी दोन्ही चालवते. बेरीज करताना 'वीस पाच', बाजारात 'पंचवीस'. मुलं गोंधळत नाहीत, मोठी माणसं गोंधळतात.

हातच्याची बेरीज मी काड्यांवर घेते. २८ म्हणजे दहा-दहाचे दोन गठ्ठे आणि आठ सुट्ट्या, त्यात ५ सुट्ट्या मिळवायच्या. सुट्ट्या तेरा झाल्या. त्यातल्या दहांना रबर लावायचं आणि तो गठ्ठा खरोखर हातात धरायचा. हाच हातचा. तो दशकाच्या घरात नेऊन ठेवायचा. हे केलेलं मूल वहीत दशकाच्या डोक्यावर १ लिहितं तेव्हा तो एक म्हणजे दहा काड्या आहेत हे त्याला माहीत असतं. हे न करता नुसता 'हातचा एक' घोकलेली मुलं मला चौथीतही भेटली आहेत, तेरातले तीन वर नेणारी.

एक आई, न्यू जर्सी
मुलगी इंग्रजीत बेरीज करते. रविवारी आजोबांशी बोलताना त्यांनी मराठीत विचारलं, पंचवीस आणि चार? तिने इंग्रजीत उत्तर दिलं. आजोबा म्हणाले, "एकोणतीस. म्हणजे एक उणा तीस." हे तिला फारच आवडलं. तीस मणी ओवून एक काढून ठेवला. पुढच्या आठवड्यात १९ + ६ आलं तेव्हा ती स्वतःशीच बोलत होती, "एकोणीस म्हणजे वीसला एक कमी. वीस आणि सहा सव्वीस. एक कमी, पंचवीस." मी आयुष्यभर एकोणीस म्हणत आले, त्यात ही वाट आहे हे मला कधी दिसलं नव्हतं.

अंगणवाडी सेविका
शून्य मिळवणं सर्वांत अवघड. "बाई, हातात काहीच नाही तर मिळवू काय?" मी रिकामी मूठ त्याच्या ढिगावर उघडते. मग सगळे हसतात आणि कळतं.

एक आई, लातूर
माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि त्याला सगळंच उशिरा येतं. अजून तो एकपासूनच मोजतो. सातारच्या बाईंची वाटी वाचली आणि आज करून पाहिली. वाटीखाली चार, बाहेर दोन. सात वेळा त्याने वाटी उचलून आतले मोजले. आठव्या वेळीही उचललीच, पण उचलायच्या आधी "चार" म्हणाला. वाटी टेबलावरच ठेवली आहे.