मधुमेही पाऊल: स्पायनल की ब्लॉक?

नसपारखी
मधुमेहाने सडलेलं पायाचं एक बोट कापायचं आणि त्यासाठी स्पायनल, म्हणजे खालचं अंग बधिर करायला कंबरेत सुई? पेशंट क्लोपिडोग्रेलवर (रक्ताच्या गुठळ्या रोखणारं औषध) असेल तर स्पायनलसाठी 5 ते 7 दिवस थांबायचं. सडणारं बोट थांबत नाही. ऑटोनॉमिक न्यूरोपथी (बीपी सांभाळणाऱ्या नसांचा बिघाड) असली की बीपी कोसळतं, वर लघवी अडकते ती वेगळीच. घोट्याचा ब्लॉक द्या, म्हणजे नसांजवळ बधिर करणारं औषध. पाच नर्व्ह (नसा): टिबियलला 5 ते 8 मिली, डीप पेरोनियल, सुपरफिशियल पेरोनियल, सुरल, सॅफेनस यांना 3 ते 5 मिली. झालं काम.

कंबरपंथी
कागदावर झालं! पाच टोचण्या, त्याही सुजलेल्या लाल पायात. संसर्ग झालेली जागा आम्लधर्मी असते, त्यामुळे औषध आयनित (विद्युतभारित) राहतं, नर्व्हच्या आत शिरत नाही. मग चाकू लागल्यावर पेशंट ओरडतो आणि केटामीनची (झोपवणारी भूल) धावपळ. क्लोपिडोग्रेल नसेल तर स्पायनलमध्ये हेवी बुपिव्हाकेन (बधिर करणारं, खाली बसणारं जड औषध) 1.2 ते 1.5 मिली, दुखरी बाजू खाली करून 10-15 मिनिटं कुशीवर. बीपी फारसं पडत नाही.

नसपारखी
लाली घोट्यापर्यंत चढली असेल तर तिथे टोचू नये, कबूल. मग वर सरका, कंबरेत कशाला? गुडघ्यामागच्या घडीच्या 5-7 सेंमी वर सायटिक नर्व्ह दुभंगते, तिथे दोन्ही फाट्यांच्या सामाईक आवरणात 20 मिली. सोनोग्राफीत नर्व्ह दिसत नसेल तर प्रोब पावलाकडे किंचित कलवा, उजळते. सॅफेनस ही फीमोरल नर्व्हची शाखा, म्हणून मांडीत अॅडक्टर कॅनालमध्ये वेगळे 10 मिली. ते विसरलात तर आतल्या घोट्याशी कळ येणारच. आणि अर्धा तास थांबा. 'फेल' म्हटलेले बरेचसे ब्लॉक नुसते घाईचे असतात.
स्टिम्युलेटरवर (विजेच्या झटक्याने नर्व्ह शोधणारं यंत्र) मात्र विसंबू नका. न्यूरोपथीत नर्व्ह 0.5 मिलिअँपिअरला दाद देत नाही, म्हणून सुई पुढे ढकलत गेलात तर थेट नर्व्हमध्ये.

चाकूवाला
टूर्निकेचं (रक्त थांबवायला बांधायचा पट्टा) कोणी बोलत नाही. मांडीला बांधला तर पॉप्लिटियल (गुडघ्यामागचा) ब्लॉक तो सोसू देत नाही. पोटरीला बांधा, किंवा रक्तपुरवठा मुळातच कमी असेल तर बांधूच नका.
शिवाय पॉप्लिटियलनंतर पाऊल लोंबतं. नातेवाईक घाबरतात, पेशंट उठायला जातो आणि पडतो. टाच बधिर, म्हणून तिथे उशी हवी, नाहीतर नवा व्रण. घोट्याच्या ब्लॉकमध्ये पाऊल वर उचलता येतं.

कंबरपंथी
आणि गणित? 50 किलोच्या माणसाला बुपिव्हाकेन जास्तीत जास्त 2 मिग्रॅ प्रति किलो, म्हणजे 100 मिग्रॅ. 0.5 टक्क्याचे 20 अधिक 10 मिली म्हणजे 150. दीडपट!

नसपारखी
बरोबर पकडलंत, तीव्रता लिहायची राहिली. 0.25 टक्के घ्या, 30 मिलीत 75 मिग्रॅ. चढायला वेळ लागतो, हालचाल कमी जाते. टेबलाशेजारी 20 टक्के लिपिड (बुपिव्हाकेन अंगात भिनलं तर त्यावरचा उतारा) हवंच, पहिला डोस 1.5 मिली प्रति किलो. खोलीत ते नसेल तर तुमची कंबर बरी.