रजिस्टर केलेलं मृत्युपत्रही जुनं होतं

"मृत्युपत्र रजिस्टर केलंय, आता परत कशाला हात लावायचा?" असं बरेच जण विचारतात, त्यावर थोडं.

नोंदणी मुळात सक्तीची नाहीच. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसह रीतसर केलेलं नंतरचं मृत्युपत्र आधीच्या रजिस्टर्ड मृत्युपत्रावर मात करू शकतं.

मुंबई-पुण्यात खरा घोळ होतो तो पुनर्विकासात. कागदावर 'दुसरा मजला, खोली क्र. ७ मुलीला', आणि प्रत्यक्षात ती इमारतच पाडलेली! नवा टॉवर, नवा नंबर, चटईक्षेत्र वेगळं. भारतीय वारसा कायदा १९२५, कलम १५२ प्रमाणे नेमकी नमूद केलेली मिळकत मृत्यूसमयी आपल्या मालकीची नसेल, तर ती देणगी बाद होते. मग नवा फ्लॅट म्हणजे 'तीच' मिळकत का, यावर भावंडं वकील गाठतात. 'किंवा तिच्या बदल्यात मिळणारी जागा' एवढे शब्द घातले तर बरीच डोकेदुखी वाचते. सोसायटीच्या बैठकीत पार्किंगवर तासभर भांडणारे याबद्दल चकार शब्द काढत नाहीत, ही गंमतच.

किरकोळ बदलाला कोडिसिल, म्हणजे पुरवणी, पुरते. साक्षीदार तिलाही दोन हवेत. जुन्या प्रतीवर पेनाने खाडाखोड मात्र नको.

आणि नॉमिनी बदलला की काम झालं असं समजू नका. शेअर्सचा नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात स्पष्ट केलंय. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारे व्यवस्थापक म्हणून नेमलेले काका आता नव्वदीत असतील, तर तेही नाव बदलून घ्या.