रिकामी वेदी आणि शेळीचं दूध

मुसलमानांमध्ये राहिलं की ख्रिस्ती माणसाची प्रार्थना फिकी पडते, हा मुद्दा मला पटत नाही. शार्ल द फुकोचं उलटंच झालं. श्रद्धा गमावलेला हा फ्रेंच माणूस १८८३-८४ मध्ये ज्यू रब्बीच्या वेषात मोरोक्को फिरला. सतत देवाच्या सान्निध्यात जगणारी तिथली माणसं पाहून आपण आतून हललो, हे त्यानं पुढं पत्रात स्वतःच लिहिलंय. १८८६ मध्ये पॅरिसला तो पुन्हा चर्चकडे वळला आणि पुढं धर्मगुरू झाला.

मला जास्त भिडतो तो १९०७ चा नाताळ. सहारातल्या तामनरासेतला, तुआरेग या तिथल्या भटक्या मुसलमान लोकांत तो एकटाच ख्रिस्ती. दुसरा ख्रिस्ती हजर नसेल तर मिस्सा, म्हणजे वेदीवर भाकर आणि द्राक्षारस वाहायची उपासना, अर्पण करायची मुभा नव्हती. धर्मगुरू असून नाताळला मिस्सा नाही! हे वाचताना दरवेळी माझा घसा दाटतो. पुढच्याच महिन्यात तो इतका आजारी पडला की जागचं हलवेना. दुष्काळ होता, तरी शेजारच्या तुआरेगांनी शेळ्यांचं मिळेल तेवढं दूध गोळा करून त्याला पाजलं. तोवर तो द्यायला आलेला होता. आता ओंजळ त्याची होती. जानेवारीअखेर एकट्यानं मिस्सा करायची परवानगी रोमनं दिली. त्याआधीची प्रार्थना त्या दुधावर तगली, असं मी मानतो.