दहावीनंतर मुले अभ्यासिकेतून निघून जातात. मंडळ, शाळा, महाविद्यालय आणि कंपनी यांची मोट कशी बांधावी?

प्रश्न : अभ्यासिका-संयोजक, पर्वती पायथा, पुणे

आमच्या वस्तीतील गणेश मंडळाने मंडपाचे सामान ठेवण्याची खोली रिकामी करून तिथे अभ्यासिका सुरू केली, त्याला आता सहा वर्षे झाली. दहावीपर्यंत मुले नियमित येतात, निकालाच्या दिवशी पेढेही आणून देतात. त्यानंतर मात्र त्यांच्यातील बरीचशी पुन्हा दिसत नाहीत. कोणी गॅरेजमध्ये लागतो, कोणी घरपोच सामान पोहोचवतो, मुलींच्या घरी स्थळे पाहण्याची चर्चा सुरू होते, आणि ज्यांनी अकरावीला प्रवेश घेतला त्यांच्यापैकीही काही जण दिवाळीनंतर महाविद्यालयाकडे फिरकत नाहीत.

यंदा तीन ठिकाणांहून मदतीचा शब्द मिळाला आहे. महापालिका शाळेचे मुख्याध्यापक संध्याकाळी दोन वर्ग वापरायला देण्यास तयार आहेत, जवळच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी येऊ इच्छितात, आणि एका कंपनीला तिच्या सीएसआर निधीतून, म्हणजे समाजकार्यासाठी बाजूला काढलेल्या पैशातून, आमच्या मुलांसाठी शहराबाहेर दोन दिवसांचे नेतृत्व विकास शिबिर घ्यायचे आहे. शिबिराला नाही म्हणणे जिवावर येते, पण त्याने दहावीनंतरची गळती थांबेल असेही वाटत नाही. या सर्वांकडून नेमके कोणते काम मागावे?

उत्तर १ : प्रवेश-मदत केंद्रातील कार्यकर्ती, येरवडा

दादा, शिबिराचा विचार थोडा बाजूला ठेवून आधी कागदपत्रांकडे पाहा, कारण माझ्या अनुभवात मुलांचे शिक्षण बुद्धीपेक्षा दाखल्यांपाशी जास्त वेळा अडते. आपल्या वस्त्यांमधील अनेक कुटुंबे मराठवाड्यातून आणि सोलापूरकडून आलेली आहेत, त्यातली कित्येक १९७२ च्या दुष्काळात. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. हा पुरावा बहुधा आजोबांच्या गावच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये असतो, आणि तो शोधायला वडिलांना दोन-तीन दिवसांची मजुरी बुडवून गावी जावे लागते. हे काम दहावीच्या निकालानंतर सुरू केले तर प्रवेशाची फेरी निघून जाते. ते मूल नववीत असतानाच, दिवाळीच्या सुट्टीत, कुटुंब गावी जाते तेव्हा उरकावे.

दुसरी अडचण पसंतीक्रमाची. अकरावीचा केंद्रीभूत ऑनलाइन प्रवेश आधी पुणे, मुंबईसारख्या मोजक्या शहरांपुरता होता, २०२५-२६ पासून तो साऱ्या राज्याला लागू झाला आहे. अर्जाच्या दुसऱ्या भागात दहापर्यंत महाविद्यालये क्रमाने भरता येतात, आणि पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळूनही प्रवेश घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांमधून नाव बाहेर जाते. आमच्याकडे एका मुलीने मैत्रिणीचे पाहून पहिल्या क्रमांकावर असे महाविद्यालय लिहिले की जिथे जायला दोन बस बदलाव्या लागत. ते तिला मिळाले, आणि तीन महिन्यांत तिने शिक्षण सोडले. मागच्या वर्षीचा कट-ऑफ, बसचा मार्ग, तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित आणि त्याप्रमाणे फी किती, एवढे चार रकाने प्रत्येक महाविद्यालयापुढे लिहून मगच क्रम ठरवावा.

आठवीच्या मुलांना राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेला बसवता का? तीत निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. बारावीत विज्ञान घेतलेल्यांची जात पडताळणीही महाविद्यालयामार्फत वेळेत दाखल करावी, नाहीतर सीईटीनंतर पुन्हा तीच धावपळ होते.

उत्तर २ : शिक्षक, ठाणे

वरील उत्तर अगदी योग्य आहे, परंतु केवळ दाखल्यांनी मूल टिकत नाही, एवढी पुस्ती जोडतो. ठाण्यात समता विचार प्रसारक संस्था लोकवस्त्यांमधून, प्रतिकूल परिस्थितीशी झगडून दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलांना एकलव्य म्हणून गौरवते. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते हे की, नव्वद टक्के मिळवणाऱ्यांचे सत्कार गल्लोगल्ली होतात, पण घरकाम सांभाळून पंचावन्न टक्के मिळवणारी मुलगी कोणाच्या फलकावर येत नाही, आणि पुढे शिकायला नेमका तिलाच आधार हवा असतो.

याच मुलांच्या सोबतीने रत्नाकर मतकरी यांच्या कल्पनेतून ‘वंचितांचा रंगमंच’ उभा राहिला, ज्यात मुले आपल्या वस्तीतील विषय निवडतात, नाटिका स्वतः रचतात आणि सादर करतात. नेतृत्वाचे शिक्षण म्हणतात ते मला तिथे दिसले. तालमीला कोण आले नाही, पाणी भरायची वेळ आणि तालमीची वेळ एकच आली तर काय करायचे, मोरीवरून झालेले भांडण रंगमंचावर दाखवले तर शेजारी रागावतील का, असे प्रश्न मुलांनाच सोडवावे लागतात. तुमच्या मंडळाकडे दहा दिवस मंडप आणि प्रेक्षक आयतेच आहेत. त्यातली एक संध्याकाळ मुलांच्या हाती द्या, आणि विषय मात्र तुम्ही ठरवू नका.

उत्तर ३ : वस्तीतून शिकलेली अभियंता, पिंपरी

मी स्वतः अशा एका शिबिराला अकरावीत गेले होते. दोरीवरून चाललो, डोळ्यांना पट्टी बांधून एकमेकांवर विश्वास ठेवायला शिकलो, शेवटी प्रमाणपत्र आणि टोपी मिळाली. सोमवारी महाविद्यालयात इंग्रजीतून भौतिकशास्त्राचा तास सुरू झाला तेव्हा त्यातले काही उपयोगाला आले नाही. हे मी चिडून लिहीत नाही, शिबिरात मजा आलीच होती.

मला टिकवले ते आमच्याच गल्लीत राहणाऱ्या, माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या ताईने. मराठी माध्यमातून विज्ञान शाखेत गेल्यावर पहिले चार महिने काहीच कळत नाही आणि हे सगळ्यांचेच होते, ही गोष्ट तिने सांगितली नसती तर मी स्वतःला मठ्ठ समजून घरी बसले असते. म्हणून माझी सूचना अशी की, अकरावी-बारावीतल्या मुलामुलींनाच प्रवेशाचा टेबल चालवायला द्यावा. ज्याने मागच्या वर्षी स्वतःचा अर्ज भरला, तो या वर्षी पाच जणांचे अर्ज भरून देईल, तहसील कचेरीतून हात हलवत परत यावे लागले तर कोणता कागद कमी पडला ते वहीत लिहील, आणि नववीच्या पालकांपुढे उभा राहून समजावून सांगेल. लाजरी मुले बोलायला लागतात ती अशी कामे अंगावर पडल्यावर. शिवाय मोठी मुले अभ्यासिकेत येत राहतात, जो तुमचा मूळ प्रश्न आहे.

उत्तर ४ : सीएसआर विभागात काम केलेला एक जण

कंपनीच्या बाजूने थोडे सांगतो. शिबिर आवडते कारण ते एका आर्थिक वर्षात संपते, छायाचित्रे मिळतात आणि अहवाल लिहिता येतो. यात फसवणूक नाही, कामाची पद्धतच तशी पडली आहे. तुम्ही त्याऐवजी दुसरे काही लिहून दिलेत तर बऱ्याच ठिकाणी ऐकले जाते. वीस मुलांचा वर्षभराचा बस पास, एक संगणक, प्रिंटर आणि एका समन्वयकाचे मानधन, असा नेमका प्रस्ताव करा. मात्र १ एप्रिल २०२१ पासून हा निधी घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ ही नोंदणी करावी लागते, आणि मंडळांकडे ती सहसा नसते, तेव्हा नोंदणी असलेल्या एखाद्या शैक्षणिक संस्थेला सोबत घ्या. पुण्या-मुंबईत महापालिकेची इमारत आणि संस्थेचे शिक्षक अशी भागीदारी नवीन नाही. आकांक्षा फाउंडेशनच्या शाळा याच रीतीने चालतात.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना वर्षाला १२० तासांचे काम करायचे असते. ते झाडू मारण्यात आणि भिंती रंगवण्यात घालवू नका. एकेका विद्यार्थ्याकडे तीन मुले वर्षभरासाठी सोपवा, आणि मुले अल्पवयीन असल्याने पालकांची लेखी संमती घ्या व भेटी अभ्यासिकेतच होतील असे पहा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. मोठ्या मुलांना टेबल चालवायला देण्याची पिंपरीच्या ताईंची सूचना मी काल रात्री मंडळाच्या बैठकीत मांडली. ‘पोरांच्या हातात दाखल्यांची कामे दिली तर कागद हरवतील’ अशी शंका ज्येष्ठांनी काढली, ती अगदीच चुकीची नाही. त्यामुळे मूळ कागद पालकांकडेच राहतील आणि टेबलावर फक्त झेरॉक्स येतील असे ठरले. अकरावीच्या चार मुली आणि तीन मुलगे तयार झाले आहेत. त्यांनी नववीच्या एकतीस घरांची वाटणी आपापसांत केलीसुद्धा, आणि त्यात कोणाच्या वाट्याला टेकडीवरची घरे यावीत यावरून पहिले भांडणही झाले, जे त्यांनी मला न विचारता मिटवले.

कंपनीला बस पास आणि प्रिंटरचा प्रस्ताव पाठवत आहे. येरवड्याच्या ताई, तुमचा तो चार रकान्यांचा तक्ता इथे टाकता येईल का? मुले रविवारी पहिल्या दहा महाविद्यालयांपर्यंत स्वतः बसने जाऊन वेळ मोजणार आहेत.